बिनउंबऱ्याचं घर

...न्हाई, मला सांगा, उंबऱ्यानं काय घोडं मारलं व्हतं कोंडिबाचं? पर न्हाई! भोरात कुण्या शेटच्या बंगल्यात शहाबादी फरशी बघून आला, सोप्यातनं थेट सैपाकघरापतूर, मधी कुठं उंबरा न्हाई, ठेच न्हाई, नुसती गुळगुळीत! तवापास्नं एकच येड... "आपली बी तशीच. सलग म्हंजे सलग!"

तुमाला सांगतो, पोराचं, जगनचं, लगीन तोंडावर आलेलं आन् ह्यानं घरात गवंडी घातला. मानसिंग गवंडी विनवतोय, "आवं, पुढच्या दाराचा तरी उंबरा ऱ्हाऊ द्या!" ह्यो छाती काढून, "सलग म्हंजे सलग!" पुढचा गेला, मधले गेले, परसदाराचा बी गेला. वर ढाळ मागल्या अंगाला, धुतलं की पाणी आपसूक परसात! फरशीनं जमीन वर आली, परसदार घासाया लागलं... तर दारच उपटून ठिवलं! आख्खं मार्गासनी गाव फरशी बघाया येतंय, आन् कोंडिबा राजावानी, "चपला भाईर!"

लगीन लागलं. वरात दारात. नवी सून अंजना पाऊल उचलून उभी, आन् कोंडिबाची अंबूबाई तांदळाचं माप घिऊन वाकली ती वाकलेलीच! "अवं, माप ठिवू कुठं? उंबरा कुठाय?"

माप न लवंडता सून घरात आली म्हणायची व्हय? कोंडिबाला घाम फुटला, पर हटतोय कशाला! "ठीव फरशीवर! सलग म्हंजे सलग!"

ठिवलं. पोरीनं अंगठ्यानं हळूच ढकललं... आन् माप निघालं की वो! गडगड गडगड, सोप्यातनं माजघरात, माजघरातनं सैपाकघरात, आडवायला हाय कोण? मापामागं सून, तिला वाटलं ह्या घरात धरायचं असतंय! सुनंमागं जगन, उपरण्याची गाठ सुटंना! तिघं बी परसदारातनं थेट उकिरड्यावर!

कोंडिबाची चुलती ठकुबाई कडाडली, "आरं मुडद्या, लक्षुमी पुढनं आली आन् मागनं गेली की! फिरून घ्या तिला. पर आदी मागलं अडवा!"

फळी धुंडली, पाट धुंडला... समदं मांडवात अडकलेलं. मग काय? परसदारात कोंडिबाच बसला आडवा, नव्या फेट्यासकट. दुसऱ्यांदा माप आलं ते त्याच्या मांडीवर आपटून थांबलं. सून घरात आली!

"आता उठू?" कोंडिबा म्हणतोय.

"बसा की तसंच," अंबूबाई म्हणाली, "लग्नापास्नं आज पयल्यांदा घराच्या उपेगी पडलाय."

बसला. करतो काय!