दादाच्या दहाव्याला माझा नेम

हसायचं तर हसा, पण आमच्या दादाचा माझ्यावर मेल्यावरही भरवसा नव्हता.

कोलशेतला आमच्या शेतातलं थोडं भात सरकार लेव्ही म्हणून सक्तीने न्यायचं, थोडं रानडुकरं खायची. दादा त्यांना तिरकमठ्याने मारायचा. मला बुजगावण्यावर शिकवताना म्हणाला, "खाडीचा वारा डावीकडून येतोय, नेम जरा डावीकडे धर." मी घाईत सरळच बाण सोडला. तो काकांच्या छपरावरच्या भोपळ्यात घुसला.

दादा म्हणाला, "वा रे वा! डुकरं निर्धास्त झाली. आता भोपळ्यांनी जपून राहावं."

गेल्या महिन्यात तो तापाने गेला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. आईला सांभाळीन म्हणालो, तरी नाही. मग मी ओरडलो, "दादा, तुझा तिरकमठा मी चालवीन! शेत राखीन!" कावळा होता त्याहून लांब जाऊन बसला.

काकांनी हात जोडले. "बाबा रे, याच्या हाती तिरकमठा देणार नाही. सुखाने जा."

त्यांचं बोलणं संपायच्या आत कावळा शिवला. रडता रडता आईसुद्धा हसली.

मला त्या कावळ्यालाच बाण मारावासा वाटला. पण वारा होता.