पोस्टमनची पँट

ताई : पुन्हा उसवलीस?

भाऊ : डावा पाय एक सूत लांब होता.

ताई : अरे, चौथ्यांदा! त्या पँटला तोंड असतं ना, तर तिनेही वकील गाठला असता.

भाऊ : ताई, जखमेवर मीठ चोळू नकोस.

ताई : मीठ नाही चोळत, वेळ सांगतेय. साडेतीन वाजले. चारला पोस्टमनदादांचा निरोप समारंभ. चाळीस वर्षं सायकल मारून माणूस आज रिटायर होतोय, आणि त्याची नवी पँट तुझ्या मांडीवर पाय पसरून पडलीय.

भाऊ : बावीस वर्षं पंख्यांच्या कारखान्यात तपासनीस होतो मी. माझ्या हाताखालून एक वाकडं पातं बाहेर गेलं नाही.

ताई : सरळ तरी कुठे वेळेवर गेलं? उगाच नाही तुझ्या जागी यंत्र आणलं.

भाऊ : यंत्र माझ्याएवढं बारीक बघत नाही.

ताई : नसेल बघत. पण बोलत तरी नाही! हे बघ, दोन महिने झाले तुला माझ्या दुकानात शिलाई मशीनवर बसवून. एवढ्यात माझ्या अकरा कपड्यांत चुका काढल्यास, आणि स्वतःचा एक कपडा उंबऱ्याबाहेर जाऊ दिला नाहीस. ही पँट आज गेली नाही, तर उद्या त्या मशीनवर दुसरं कोणीतरी बसेल. सख्खा भाऊ असलास तरी.

भाऊ : मग मी कुठे जाऊ?

ताई : म्हणून तर म्हणतेय, टीप मार.

भाऊ : खरं सांगू? भीती वाटते गं. दुसऱ्याचं नापास करायला काही लागत नाही. हे माझं आहे.

ताई : कळतं मला. मार टीप.

पोस्टमन : येऊ का? झाली का हो आमची पँट?

ताई : या दादा, बसा. शेवटचा हात फिरतोय.

पोस्टमन : फिरू द्या, फिरू द्या. भाऊसाहेबांचा बारकावा मला माहीत आहे. यांची दोन्ही पाकिटं मीच आणली होती. सोमवारी कारखान्याचं, शनिवारी वकिलाचं. दुसरा कोणी असता तर खाली बसला असता. हे म्हणाले, पिनकोडचा शेवटचा आकडा चुकलाय.

भाऊ : चुकलाच होता.

ताई : आणि घटस्फोटाची नोटीस परत पाठवली यानं!

पोस्टमन : आली की दुसरी. बरोबर पिनकोड घालून. तीही मीच आणली.

ताई : तुझ्या बायकोनं जाताना मला काय सांगितलं माहीत आहे का रे तुला? म्हणाली, "एकोणीस वर्षांत मी घातलेली एक चादर यांना सरळ दिसली नाही. एकदा जरी 'असू दे' म्हणाले असते, तरी मी राहिले असते."

भाऊ : हे तू मला आज सांगतेस?

ताई : तेव्हा सांगितलं असतं तर चादर मोजायला गेला असतास.

भाऊ : (टीप मारून) घ्या, दादा. झाली.

(पोस्टमन पडद्यामागे जातात आणि नवी पँट घालून बाहेर येतात.)

पोस्टमन : वा! कमरेला तर झकास बसली.

भाऊ : थांबा! डावा पाय जमिनीवर लोळतोय. असं कसं होईल? दोन्हीकडे एकोणचाळीस इंच आहे. चार वेळा पट्टी लावली मी.

पोस्टमन : पँट सारखीच आहे हो. मीच सारखा नाही. माझा डावा पाय अर्धा इंच आखूड. लहानपणी झाडावरून पडलो होतो.

भाऊ : मग माप घेताना सांगायचं नाही का?

पोस्टमन : सांगणार होतो. तुम्ही उजवा पाय मोजलात आणि म्हणालात, दुसरा काय, तसाच असणार.

ताई : अगं बाई! आणि म्हणे तपासनीस!

भाऊ : हसू नकोस. दादा, काढा ती. दहा मिनिटं द्या फक्त.

पोस्टमन : छे, छे. आमचे साहेब आज पहिल्यांदा माझ्याबद्दल चांगलं बोलणार आहेत. तेवढं ऐकू द्या की!

भाऊ : पण लोक बघतील.

पोस्टमन : भाऊसाहेब, चाळीस वर्षं लोकांनी माझ्या हाताकडे बघितलं. पायांकडे कोण बघतंय? सायकलवर दिसतही नाही. येतो मी.

ताई : या. सावकाश जा हो.

(पोस्टमन सायकलवर बसून निघतात. भाऊ दारात जाऊन बघतो.)

ताई : गेली रे. तुझी पहिली पँट दाराबाहेर गेली. तोंड का असं?

भाऊ : मागे दोरा लोंबतोय. कच्च्या टाक्याचा. पांढराफेक, वीतभर!

ताई : अगदी इथून दिसतोय की. कात्री समोर आहे. पळालास तर कोपऱ्यावर गाठशील.

भाऊ : हं.

ताई : अरे, जातोस ना? मी अडवत नाही.

भाऊ : वळले. वळताना हात केला त्यांनी.

ताई : आणि दोरा?

भाऊ : असू दे. पुढचं कापड दे.