पान नसलेला चाफा

(सार्वजनिक बागेचं फाटक. शेजारी खडूने लिहिलेला फळा. बागेचे नवे अधीक्षक, माळी आणि माळ्याची मुलगी.)

अधीक्षक : आणि ही शेवटची ओळ कोणाची?

मुलगी : माझीच. दर शनिवारी अख्खा फळा मीच लिहिते.

अधीक्षक : वाच बघू.

मुलगी : ‘या आठवड्यात बागेत काय पाहाल? शेवंती, कारंज्यापाशी. बोगनवेल, कुंपणावर, लांबूनच पाहा, काटे आहेत. चाफा, मागच्या वाटेवर. सध्या एकही पान नाही. जरूर पाहा.’

अधीक्षक : जरूर पाहा! काय पाहायचं, टक्कल? सकाळपासून तिघं मला विचारून गेले, ‘साहेब, ही काय थट्टा?’

मुलगी : आणि सात जण तिथे माना वर करून उभे होते, ते नाही कोणी सांगितलं? एक आजोबा म्हणाले, फांद्या थेट माझ्या बोटांसारख्या आहेत गं!

माळी : हळू बोल, बाळा. साहेब, लहान आहे ती.

मुलगी : दहावीत आहे मी, बाबा!

अधीक्षक : मग ऐक, दहावी. ते झाड मेलंय. सोमवारी तोडणार. तिथे प्लास्टिकच्या फुलांची कमान येतेय. बारा महिने फुललेली, लोकांना फोटो काढायला.

मुलगी : मेलं कुठे? पानं गाळून बसलंय. दर थंडीत बसतं. उन्हाळ्यात या, खाली पाय ठेवायला जागा नसते, एवढी फुलं.

अधीक्षक : मला येऊन तीन महिने झाले, एक कळी दिसली नाही.

मुलगी : आधी तुम्ही पाणीपुरवठ्यात होता ना?

अधीक्षक : अकरा वर्षं. त्याचं काय?

मुलगी : मग पाणी गेलं की नळ उपटून टाकायचात का?

माळी : अगं ए!

अधीक्षक : जीभ आहे की कातर! पण झाड मेलंय हे मी नाही ठरवलं. तुझ्या वडिलांची सही आहे कागदावर.

मुलगी : बाबा?

माळी : हो, माझीच सही.

मुलगी : न वाचता केली ना? सांगा ना यांना.

माळी : वाचून केली.

अधीक्षक : झालं समाधान? माळीबुवा, फडकं घ्या आणि पुसा ती ओळ.

मुलगी : बाबा, नाही हं! पुसलीत तर मी पुन्हा लिहीन. खडू काढून घेतलात तर विटेने लिहीन!

माळी : खडू ठेव हातात. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तूच लिही. चाफ्याच्या खाली. ‘झाड जिवंत आहे. मेलंय अशी सही मी केली, ती खोटी. माळी.’

अधीक्षक : नोकरीचा विचार करा, माळीबुवा.

माळी : बावीस वर्षं तोच करतोय, साहेब. लिही गं.

मुलगी : लिहिते! पण बाबा, खाली जागाच नाही उरली.

माळी : मग शेवंती पूस. तिला लोक न सांगताही बघतात.