मागे उभी असलेली बाई

...आणि काळंच का, एवढंच मी विचारलं होतं. काळा झगा, काळे बूट, काळे मोजे, केसांना काळी जाळी, आणि आमच्या मागे पडदा कसला, तर तोही काळा. तर तो नाचाचा मास्तर, मुद्दाम लंडनहून मागवलेला, माझे दोन्ही खांदे धरून म्हणतो, "विट्टोरिन, तू हवा आहेस. हवा कधी दिसते का?" चौऱ्याण्णव किलोची हवा, तुम्हाला सांगते. पण मला काही वाटलं नाही.

वाटून घ्यायचं तरी किती वेळा? या युरोपच्या गाण्यांच्या स्पर्धेला आपल्या माल्टाकडून जायचं म्हणून मी अकरा वेळा निवडीला उभी राहिलेय. अकरा. पहिल्यांदा पिवळा फ्रॉक घालून, विशीत, आणि शेवटच्या वेळी टीव्हीवरचा तो निवेदक म्हणाला, "आणि आता आपली जुनी मैत्रीण...", तेव्हा समजले, आता घरी बसायचं. एकदा चौथी आले होते. आमच्या ओर्मी गावात बँडवाल्यांनी मिरवणूक काढली, अर्ध्या रस्त्यापर्यंत, कारण पुढे दुसऱ्या बँड क्लबची हद्द लागते आणि ते म्हणाले, चौथ्या नंबरासाठी आम्ही रस्ता सोडणार नाही. बरोबरच आहे त्यांचं.

मग मी पुढच्या खोलीत गाण्याचा क्लास काढला. नेनू बेकरीवाल्याची रोमिल्डा नऊ वर्षांची असताना आली, वेणीत पीठ, हातात गरम पाव. दहा वर्षं शिकवलं मी तिला. श्वास कुठे घ्यायचा, कुठे चोरायचा, सगळं. आणि पोरगी एकोणिसाव्या वर्षी, पहिल्याच फटक्यात, निवडून आली. पहिल्याच! घरी येऊन गळ्यात पडली, "मिस, तुम्ही मागे उभ्या राहाल ना? तुम्ही नसाल तर माझे पाय कापतील." मी म्हटलं, राहीन की. नवरा माझा, स्पिरू, पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "चला, पोचलीस एकदाची." मला काही वाटलं नाही, पण रश्शात मीठ दोनदा पडलं त्या दिवशी.

तर गेलो उत्तरेतल्या त्या थंड शहरात. मे महिना, आणि दात वाजतायत. मागे साथीला गाणाऱ्या आम्ही चौघी, बाकीच्या तिघीही माझ्याच विद्यार्थिनी, आणि गाणं कसलं, तर समुद्र, आई आणि जागतिक शांतता, तिन्ही एकाच कडव्यात. दहा दिवस तालीम. रोमिल्डा काय गायची म्हणून सांगू... साफसफाईवाल्या बायका झाडू टेकवून ऐकायच्या. सगळं कसं छान चाललं होतं, आणि मग आला नेनू.

बाप आहे, येणारच. गळ्यात पास अडकवून थेट स्टेजच्या मागे, आमची पाळी यायला चार मिनिटं असताना. आणि बापानं काय बोलावं? पोरी, देव पाठीशी आहे. पुरे की नाही एवढं? नाही. हा म्हणतो, "घाबरू नकोस हं, रोमिल्डा. अख्खं बेट टीव्हीपुढे बसलंय. चौकात पडदा लावलाय. आर्चबिशपसुद्धा बघतायत. आजीला हॉस्पिटलमध्ये खुर्चीवर बसवलंय तुझ्यासाठी. आणि तुझ्या नावाचा केक करून ठेवलाय, तीन मजली, पण त्याचं तू मनावर घेऊ नकोस." मी बघत होते ना... पोरीच्या चेहऱ्यावरून रंग असा उतरला, जसा पावावरून ओला कागद सोलावा.

दिवे लागले. पियानोचे चार सूर वाजले. पाचव्याला तिनं तोंड उघडलं... आणि काही नाही. नुसती वाफ. माइक तोंडाशी, डोळे समोर, आणि गळा बंद. आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? तिथे थांबवून 'जरा परत घेऊ या' म्हणता येत नाही, क्लास नाही तो. तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं, आणि पलीकडे सगळा युरोप.

मी गायले. विचारबिचार काही नाही केला. अंधारातून तिची ओळ उचलली, तिच्या आवाजात, कारण तो आवाज तरी कुणी घडवला होता? माइक तिच्या ओठांसमोर, त्यामुळे लोकांना काय दिसणार? दुसऱ्या ओळीला तिला कळलं. तिनं मागे वळून पाहिलं नाही, शाबास पोरीची, फक्त ओठ हलवायला लागली. बाकीच्या तिघींनी माना वळवल्या, तर मी अशी एकच नजर टाकली. क्लासातली नजर. गप्प तिघी.

आणि वीस वर्षं ज्याच्यासाठी मी झुरले, ते, ते व्हायला लागलं. सगळा युरोप माझा आवाज ऐकत होता. लोक ज्या क्षणाविषयी सांगतात ना, अंगावर काटा येतो, आईबाप आठवतात... तर मला काय आठवत होतं? स्पिरूच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या फ्रीजवर ठेवल्यात की कपाटात. खरं सांगते. वरचा सूर लागला, पूर्ण लागला, अकरा वेळांत कधी लागला नव्हता असा लागला, आणि मी मनात म्हणतेय, कपाटात. मला काही म्हणजे काही वाटलं नाही.

शेवटच्या पालुपदाला तिचा गळा एकदम सुटला. मी माझा आवाज आवरायच्या आत दोन आवाज एकमेकांवर आपटले, आणि संपलं.

आत आल्यावर पोरगी माझ्या कुशीत शिरून हुंदके देतेय, "मिस, मी सांगते सगळ्यांना. आत्ता जाऊन सांगते, तुम्ही गायलात." खरंच निघाली होती दाराकडे. मी दंडाला धरलं. म्हटलं, "सांगशील आणि मग? चार लाखांचं बेट, सगळे एकमेकांचे चुलते-मावसभाऊ. तू सत्तर वर्षांची झालीस तरी पाव घेताना म्हणतील, ही तीच का, जिचा गळा बसला होता? तोंड धू आणि बाहेर जाऊन हस." ती म्हणाली, "आणि तुमचं काय, मिस?" मी तिच्या गालावरचं काजळ पुसलं. झालं.

आमचा नंबर शेवटून तिसरा आला.

परत आलो तर विमानतळावर नेनू, केक, दोन्ही बँड, आणि दोन्ही बँड एकदम एका सुरात वाजवतायत, हे आमच्या गावात कुणी पाहिलेलं नाही. कशामुळे एकी झाली, ते दुसऱ्या दिवशी पावाच्या रांगेत कळलं. माझ्या पुढची बाई मागे न बघता तिच्या पुढचीला सांगतेय, "पोरगी सोन्यासारखी गात होती गं, पहिल्यापासून. पण शेवटी ती मागची बाई नाही का किंचाळली तिच्यावर? तिथे मार्क गेले." दुसरी म्हणते, "जुनं जळणं असतं गं ते. अकरा वेळा पडलीये." काउंटरवर रोमिल्डाच उभी होती. पाव हातात तसाच, तोंड उघडायला लागली... आणि या वेळी गळा चांगला मोकळा होता हो तिचा. मी मान हलवली. नाही. तिनं तोंड मिटलं, आणि दोन पावांऐवजी माझ्या पिशवीत पाच भरले.

स्पिरूला तरी कळलं असेल ना, तुम्ही म्हणाल. एकोणतीस वर्षं एका घरात, आवाज ओळखणार नाही? मी विचारलं. तर म्हणतो, "कळलं की. पहिल्याच ओळीला." मी म्हटलं, "मग?" म्हणतो, "मग काय? क्लबात सगळे इतके खूश होते, कशाला बोलायचं?" आणि गोळ्या मागितल्या. कपाटातच होत्या.

परवा टीव्हीवाल्यांचा फोन आला. फार नम्र माणूस. "मिस विट्टोरिन, यंदाही मागे उभं राहायला याल ना? फक्त एक विनंती आहे, राग मानू नका... यंदा जरा लांब उभ्या राहा." मी विचारलं, किती लांब? तर म्हणाला, "ते तिकडे गेल्यावर स्टेज बघून ठरवू."

मी म्हटलं, या वेळी स्पिरूला गोळ्यांचं नीट सांगून येते.