फेसपॅक सुकेपर्यंत

तीस वर्षं टोळीत रॅप करून मुरलीधरनं पन्नाशीत पहिला एकट्याचा अल्बम काढला. संध्याकाळी सत्कार होता, म्हणून तो रांझी मोहल्ल्यातल्या सलूनमध्ये केसांना डाय आणि तोंडाला फेसपॅक थापून बसला होता. न्हाव्यानं बजावलं होतं, "भैया, बीस मिनट मुँह मत हिलाना."

एवढ्यात मागच्या बाकड्यावर दोन पेन्शनर येऊन टेकले.

"अंबादासजी, त्या मुरलीचा अल्बम ऐकला काय?"

"नातीनं ऐकवला, बाबारावजी. आवाज अजून खणखणीत आहे बरं. एक शब्द गिळत नाही."

"मग नाक काहून मुरडून राहिले?"

"मुरली म्हणते, 'मेरे बाप ने तोपें ढालीं.' अरे, याचा बाप तोफांच्या फॅक्टरीत होता खरा, पण कँटीनमध्ये माझ्यासंग समोसे तळत होता!"

"आता समोशावर कोण टाळ्या वाजवते?"

"मी वाजवल्या असत्या! त्याच्या समोशापायी साहेब लोकं लाइनीत उभे राहत. आणि पोरगा गाते, 'मैं भूखा सोया.' बाप रोज डबा भरून घरी नेत होता जी!"

"म्हणजे चांगलं काहीच नाही?"

"आहे ना. सातव्या गाण्यात मध्येच त्याला खोकला येते. कापायचा राहून गेला वाटते. अगदी बापाचा खोकला, कढईपाशी उभा राहून खोकलत होता तसा. तेवढं मी चारदा ऐकलं."

मुरलीधरच्या घशात खवखवलं. त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले, श्वास कोंडला. गालावरच्या पॅकला कानापर्यंत तडा गेला.