सिनिवाचं कार्ड आणि दोन चौदा तारखा

…आणि वर ती खिडकीतली बाई मलाच विचारते, "बायको कुठाय?" अहो, बायको इथे असती तर मी तुझ्या खिडकीशी कशाला उभा राहिलो असतो? सांगा ना तुम्हीच! भला माणूस रजा टाकून, धुतलेली लुंगी नेसून, केसांना तेल चोपडून सरकारी कचेरीत हौसेनं जातो का? बायको तिकडे अडकली म्हणून गेलो. आणि अडकली तरी कशी… चार दिवसांसाठी गेली होती हो!

थांबा, नीट सांगतो. मी मासळीच्या डब्यांच्या कारखान्यात कामाला, मासा शेपटाकडून धरायची सवय, गोष्टही तशीच सांगतो. तर मी इओपु, लेओने गावचा, इकडच्या सामोआतला, अमेरिकेच्या झेंड्याखालचा. बायको सिनिवा तिकडच्या सामोआतली, सवाई बेटावरची. भाषा तीच, देव तोच, भांडणंसुद्धा तीच, फक्त झेंडा निराळा. आणि झेंडा निराळा म्हणून माझ्या लग्नाच्या बायकोला माझ्या घरात राहायला कार्ड लागतं! दरवर्षी नवं करायचं, जामीन नवरा. विमानानं अर्धा तास लागतो तिकडे जायला, पण तारखेची रेघ मधून जाते, म्हणून ते लोक आपल्यापेक्षा अख्खा एक दिवस पुढे. आपला गुरुवार तो त्यांचा शुक्रवार. सासूच्या वाढदिवसाला आदल्या दिवशी फोन करायचा, एवढंच लक्षात ठेवायचं, बाकी जन्मात कधी काही अडलं नव्हतं.

सासरे वारले. मोठा माणूस, गावचे सरदार. सिनिवा रडत रडत विमानात बसली, म्हणाली, "माती झाली की येते, चार दिवस." मी म्हटलं जा. कार्डाला तेव्हा दहा आठवडे होते हो, दहा! दहा आठवड्यांत माणूस होडी वल्हवत जाऊन परत येईल!

माती झाली. पण सरदारकी कुणाला? सिनिवाच्या भावाला, सेफोला, असं हे म्हणतात. चुलत्याला, असं ते म्हणतात. बसली सभा. आता आपल्याकडच्या सभा तुम्हाला ठाऊक आहेत… पहिले दोन तास एकमेकांच्या पूर्वजांची स्तुती, मग जेवण, मग कोणीतरी रुसतं आणि सभा पुढच्या आठवड्यात. असे किती आठवडे गेले? मी मोजायचं सोडलं. दर वेळी फोन केला की सिनिवाची आत्या फुआतिनो फोन हिसकावून घ्यायची. "काय जावईबापू, आमची पोर आठवते का? अहो, भावाला सरदारकीची पदवी मिळतेय आणि सख्खी बहीण हजर नाही, तर चटया कोण मांडणार? तुम्ही येताय मांडायला?" मी कसला मांडतोय! बारीक विणीच्या चटया त्या, अशा प्रसंगी मान म्हणून द्यायच्या, आजीनं विणलेल्या, पुरुषानं नुसता पाय लावला तरी सात पिढ्या बोलतील. मी म्हणायचो, "नाही आत्याबाई, राहू दे तिला." आणि फोन ठेवून एकटाच नीरफणस भाजत बसायचो. चार दिवसांसाठी गेली होती हो!

शेवटी तारीख ठरली. शुक्रवार, चौदा. आणि सिनिवाचा फोन आला, आवाज एवढासा. "इओपु, कार्ड चौदा तारखेपर्यंतच आहे रे. मी गुरुवारीच निघते. सेफो रुसेल, आत्या बोलेल, पण मी येते. मला बरं नाही वाटत हे."

आता इथं, मंडळी, इथं माझ्या डोक्यात उजेड पडला. असा उजेड शत्रूच्याही डोक्यात पडू नये! मी म्हटलं, "वेडी आहेस का? शुक्रवारी चौदाला भावाची पदवी थाटात बघ. शनिवारी पंधराला विमानात बस. अर्ध्या तासात इकडे उतरशील. आणि इकडे त्या दिवशी काय असेल?"

"काय असेल?"

"अगं, शुक्रवार! चौदा! कार्ड जिवंत!"

ती म्हणाली, "नक्की ना?" मी म्हटलं, "नक्की म्हणजे! देवानं आपल्याला एक दिवस फुकट दिलाय, तो कोण सोडतो?" आणि मी स्वतः, या हातांनी, तिकीट पुढे ढकललं. एवढ्यावर थांबलो का? कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटलो. आमचा मुकादम म्हणाला, "इओपु, तू उगाच मासे कापतोस, तुला वकील व्हायला हवं होतं." मी फुगलो. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही.

शुक्रवारी मी दोन तास आधी विमानतळावर. हातात फुलांची माळ, घरी अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवून ठेवलेली. आणि फोन वाजला. सिनिवा. "इओपु, हा मुलगा काहीतरी म्हणतोय, तू बोल." तिला काट्यावर उभं करून झालं होतं, हो, त्या चिमुकल्या विमानात माणसाचंही वजन करतात, सामान तोलून झालं होतं… वजन चाललं हो, तारीख चालली नाही!

काउंटरवरचा तो मुलगा फार गोड. "दादा, कार्डाची मुदत काल संपली."

मी म्हटलं, "काल कुठली? आज चौदा आहे!"

"आज पंधरा, दादा."

"अरे पण ती उतरणार कुठे? इकडे! इकडे आज चौदाच आहे, विचार कुणालाही!" मी तिथल्या झाडूवालीलासुद्धा फोनवर बोलायला लावलं, "मावशी, सांगा याला आज किती तारीख!" तिनं सांगितलं, चौदा.

तो म्हणाला, "ती तिकडे चौदाला उतरेल हे बरोबर, दादा. पण चढणार इकडे ना? इकडे पंधरा आहे." मग म्हणाला, "दादा, डोकं चांगलं चालवलंत. पण मागे रांग लागलीय."

आता याला काय उत्तर द्याल? मी काय दिलं असेल? मी म्हटलं, "बरं बाळा." विमान आलं. नऊ माणसं उतरली, आठ जणांना घ्यायला कुणी ना कुणी आलं होतं, नवव्याच्या गळ्यात मी माळ घातली. तो कोण होता देव जाणे. फार खूश झाला.

मग सुरू झाली खिडकी. खिडकीत तलालुपे. परकी नाही हो, आमच्याच चर्चमध्ये गाते, सिनिवाच्या शेजारी बसून! पण खिडकीत बसली की ओळख विसरते.

"इओपु, बायको कुठाय?"

"सवाईला. तुला माहितीये."

"मला माहीत असून चालत नाही, तू सांगायचं. तिचं कार्ड संपलंय."

"म्हणूनच आलोय. नवं कर."

"करते की. तिला घेऊन ये. बोटांचे ठसे लागतात."

"तिला येता येत नाही. कार्ड संपलंय."

"मग नवं करून घे."

"तेच करायला आलोय!"

"मग तिला घेऊन ये ना, इओपु. कसं समजत नाही तुला?"

तुम्हाला सांगतो, तिसऱ्या फेरीला माझाच विश्वास बसला की मलाच समजत नाहीये. मी म्हटलं, ठसे कागदावर मागवतो. नाही चालत. म्हटलं, तिकडच्या कचेरीतून तुमच्या कचेरीला फोन करायला लावतो. तलालुपे म्हणाली, "करू देत." पण करणार कधी? आपला शुक्रवार तो त्यांचा शनिवार, त्यांची कचेरी बंद. त्यांचा सोमवार तो आपला रविवार, आपण चर्चमध्ये. उरले चार दिवस. त्यात यांचं जेवण झालं की त्यांच्या साहेबाचा डोळा लागलेला! चार दिवसांसाठी गेली होती हो… आणि आता आठवड्याचे चारच दिवस उरलेत तिला परत आणायला.

शेवटी तलालुपेला दया आली. म्हणाली, "असं कर, जुनं सोड. नवाच अर्ज भर." भरला! अठरा पानं. सतराव्या पानावर लिहिलंय, गेले सहा महिने नवरा-बायको एका छपराखाली राहिल्याचा पुरावा जोडा. मी म्हटलं, "तलालुपे, तुम्ही येऊ देत नाही म्हणून आम्ही एका छपराखाली नाही." ती म्हणाली, "ते मला पटतंय. पण ते लिहायला रकाना नाही."

मग पाद्रीबुवांकडे गेलो. ते म्हणाले, प्रार्थना करू. केली. रविवारी, भर सभेत, डोळे मिटून, "प्रभू, आमच्यातून दूर गेलेल्या सिनिवाला…" संपलं! दुपारी गावच्या दोन म्हाताऱ्या रडत रडत दारात, एक चटई आणि खारवलेल्या मांसाच्या डब्यांचा खोका घेऊन. "इओपु, किती तरुण होती रे!" मी ओरडून सांगतोय, जिवंत आहे, सवाईला आहे! एक म्हणाली, "हो बाळा, आमच्यासाठी ती जिवंतच आहे." आणि दुखवट्याची चटई परत करता येते का? अपमान! ठेवून घेतली. आता रोज तिच्याकडे बघतो.

हसा, हसा. मीही हसतो, कारखान्यात. घरी नाही हसत. खरं सांगू? मला तिची फार आठवण येते. मी दोन माणसांचा अळू शिजवतो आणि एकटा खातो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ती निघाली होती हो! गुरुवारी येते म्हणाली होती. तिनं भाऊ सोडला होता माझ्यासाठी, आत्याची बोलणी खायची तयारी केली होती, आणि मी म्हटलं, थांब! ती एकदाही म्हणत नाही, "तुझ्यामुळे झालं." एकदा म्हणाली असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. मी तिकडे जाऊन राहू? इकडे आई अंथरुणाला खिळलेली, तिला पाठ फिरवायलाही माझाच हात लागतो. मी नाही जाऊ शकत, ती नाही येऊ शकत. चार दिवसांसाठी गेली होती हो.

परवा गुरुवारी कळलं, दुसऱ्या दिवशी कचेरीतली वरची मंडळी बसणार, त्यात आमचा अर्ज निघणार. मी धावत घरी आलो, फोन लावला. तिकडे शुक्रवारची दुपार. म्हटलं, "सिनिवा, धीर सोडू नकोस. उद्या नक्की काहीतरी होईल बघ!"

ती अगदी हळू म्हणाली, "इओपु, मी उद्यातच बसलेय रे. सकाळपासून बघतेय. इथं काही झालेलं नाही."