सायबांची सासुरवाडी

कोर्टात कधी हसू नका, गड्यांनो! दिलप्याच्या घटस्फोटाच्या तारखेला मी सोबत गेलतो. जजसायेब म्हणालं, "दिलीपराव, तुमची सासुरवाडी गडमुडशिंगी. माझीही तीच. मी तुमच्या बायकोची बाजू घेईन असं वाटत असेल तर सांगा, केस सोडतो."

दिलप्या खूश! "सोडू नका सायेब! मुडशिंगीची बायको काय असती, ते तुमास्नीच म्हाईत की!"

सायबांना हसू आवरलं न्हाय.

दिलप्याची बायको ताडकन उठली. "बघा, हसलं! मला हे जज नकोत."

सायेब गडबडीनं म्हणालं, "केस दुसऱ्या कोर्टात पाठवतो. पण बाई, हे हसणं इथंच राहू द्या."

ती शांतपणे म्हणाली, "रविवारी गावची जत्रा हाय, सायेब. वहिनीसायेब भेटतीलच की."